आवरलेलं मुलांचं कपाट महिन्याभरात पुन्हा विस्कटतं? या क्रमाने तपासा

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांची खोली काढायची, कपाट रिकामं करून पुसायचं, नीट घड्या घालून लावायचं आणि शाळा सुरू होऊन महिना होतो न होतो तोच सगळं पहिल्यासारखं. हे गाऱ्हाणं मला इतक्या घरांतून ऐकू येतं की आता कपाट उघडायच्या आधीच मी काही प्रश्न विचारते. माझ्या घरी, बहिणीकडे, जावेकडे, आमच्या इमारतीतल्या शेजारणींकडे हेच काम मी वर्षानुवर्षं करत आले आहे. त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. दोष बहुतेक वेळा मुलाच्या सवयीत नसतो, घडी घालण्याच्या पद्धतीतही नसतो. कपाटात गरजेपेक्षा जास्त कपडे असतात, किंवा रोज लागणारे कपडे मुलाच्या हाताला येत नाहीत, किंवा कपाटाला ओल लागलेली असते. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. त्यामुळे बाजारातून डबे आणि ऑर्गनायझर आणायच्या आधी नेमकं काय बिघडलंय ते शोधा. जास्त कपडे असलेल्या कपाटात डबे भरले की जागा आणखी कमी होते, एवढंच होतं.

आधी लक्षणं

तुमच्याकडे यातलं काय काय दिसतंय ते बघा.

- खुर्चीवर, पलंगाच्या कठड्यावर, दाराच्या कडीवर कपड्यांचा ढीग साचतो, पण कपाटाच्या आत बऱ्यापैकी शिस्त असते.
- मूल तेच चार-पाच कपडे आलटून पालटून घालतं. बाकीच्या चळती हललेल्याही नसतात.
- एक टी-शर्ट ओढला की अख्खी चळत खाली येते.
- सकाळी शाळेच्या घाईत मोजे, पट्टा किंवा पी.टी.चा गणवेश सापडत नाही.
- दार दाबून लावावं लागतं, ड्रॉवर अर्ध्यात अडकतो.
- कपाट उघडलं की कुबट वास येतो. कपड्यांवर काळे-करडे ठिपके किंवा पिवळट डाग दिसतात.
- कपड्यांना बारीक भोकं पडलीयेत, फळीवर भुसा पडलाय किंवा कपाटामागे भिंतीवर मातीची रेघ चढलीय.

पहिली पाच लक्षणं असतील तर खाली दिल्या क्रमाने जा. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच बहुतेक घरांचा प्रश्न सुटतो. शेवटची दोन दिसली तर घड्या घालायला बसूच नका, थेट पाचव्या तपासणीपासूनच्या ओल आणि किडीच्या भागाकडे जा. ओल्या कपाटात कितीही सुबक कपडे लावले तरी ते जुलैत पुन्हा बाहेर काढावे लागतात, आणि तोवर त्यातले काही वाया गेलेले असतात.

मुहूर्ताबद्दल थोडं. आपल्याकडे मोठी साफसफाई दिवाळीच्या आधी होते आणि ती झालीच पाहिजे. पण मुलांच्या कपाटापुरता मेचा मधला काळ मला जास्त सोयीचा वाटतो. ऊन कडक असतं, वळीव अजून यायचा असतो आणि शाळा जूनच्या मध्याला उघडते (विदर्भात त्यानंतर काही दिवसांनी), म्हणजे गणवेश अंगाला होतोय का ते बघून नवा शिवायलाही वेळ हाताशी असतो. सकाळी लवकर सुरुवात करा. एका मुलाचे सगळे कपडे, म्हणजे कपाटातले, माळ्यावरच्या बॅगेतले, इस्त्रीवाल्याकडून आलेले, सगळे एका चादरीवर आणून ठेवा. फळी-फळी करून आवरलं तर एकूण पसारा किती आहे ते कधीच कळत नाही.

पहिली तपासणी: एकदा घातलेला कपडा कुठे जातो?

याला एक पैसाही लागत नाही. दोन-तीन दिवस फक्त बघा.

धुतलेल्या कपड्यांना कपाट असतं, मळक्यांना टोपली असते. पण संध्याकाळी तासभर घालून काढलेला शर्ट, रात्रीचा पायजमा, बाहेर जाताना चढवलेलं जॅकेट यांचं काय? ते धुवायला टाकावंसं वाटत नाही आणि धुतलेल्यांत ठेवावंसंही वाटत नाही. म्हणून ते खुर्चीवर जातात. ढीग खुर्चीवर आणि कपाट ठीकठाक, असं असेल तर तुमचा दोष इथेच आहे. कपाट पुन्हा लावून काही होणार नाही.

जुन्या घरांत यासाठी खुंट्या होत्या. फ्लॅटच्या सजावटीत त्या गेल्या आणि त्यांची जागा खुर्चीने घेतली. दर मुलामागे दोन खुंट्या पुरतात. गोल टोकाची लाकडी खुंटी घ्या आणि ती मुलाच्या डोक्याच्या जरा वर, पण हात सहज पोचेल अशी बसवा. टोकदार लोखंडी हुक मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर कधीही नको, पळताना लागतो. भाड्याचं घर असेल आणि भिंतीला भोक पाडता येत नसेल तर दारावर अडकवायची पट्टी मिळते, ती चालते. नियम एकच ठेवा: दोन्ही खुंट्या भरल्या की जुना कपडा धुवायला. मळक्या कपड्यांची टोपलीही खोलीतच हवी. ती बाथरूममध्ये असली तर सहा वर्षांचं मूल कपडा हातात घेऊन तिथवर जात नाही, वाटेत ठेवतं.

दुसरी तपासणी: अंगाला बसतात ते किती?

वेळ सगळ्यात जास्त इथे द्यावा लागतो आणि फायदाही सगळ्यात जास्त इथेच होतो.

जन्माच्या वेळी साधारण ५० सेंमी असलेलं बाळ पहिल्या वाढदिवसाला ७५ सेंमीच्या आसपास जातं, आणि चार वर्षांचं होईपर्यंत जवळपास १०० सेंमी. त्यानंतर वयात येईपर्यंत बहुतेक मुलं वर्षाला ५ ते ७ सेंमी वाढतात. म्हणजे दोन वर्षांच्या आतल्या बाळाचे कपडे काही महिन्यांतच लहान होतात. शाळेतल्या मुलाचे दर वर्षी निम्मे तरी बाद होतात, आणि आपण मात्र ते धुऊन, घडी घालून परत आत ठेवत राहतो. कपाट भरलेलं दिसतं, मूल तेच चार कपडे घालतं, आणि आपल्याला वाटतं त्याला शिस्त नाही. त्याला अंगाला होणारेच तेवढे असतात.

लेबलावरच्या ‘५-६ वर्षं’वर विसंबू नका, प्रत्येक कंपनीचं माप वेगळं, आणि शिंप्याकडून शिवलेल्यावर तर लेबलच नसतं. सगळे कपडे घालून बघायला लावलं तर मूल दहाव्या कपड्याला रडकुंडीला येतं. त्यापेक्षा आज नीट बसणारा एक शर्ट, एक पॅन्ट आणि मुलीसाठी एक फ्रॉक निवडा. तो जमिनीवर पसरा आणि बाकीचे एकेक करून त्यावर ठेवून बघा. खांद्याची शिवण बोटभर आत आली, बाहीची लांबी कमी पडली, तो बाजूला. पॅन्टची लांबी बघून समाधान मानू नका. आधी अपुरी पडते ती बैठक. शंका असेल तीच पॅन्ट मुलाला घालायला लावा आणि मांडी घालून बसवा. कंबर मागून खाली सरकली, पोटाला इलॅस्टिकचा वळ उठला, तर ती लहान झाली.

ढीग चार करा: बसतात ते, लहान झालेले, अजून मोठे होतात ते, आणि दुरुस्तीचे. पाचवा ‘बघू नंतर’ असा ढीग करू नका. सगळा पसारा तिथूनच परत उगवतो.

दुरुस्तीचा ढीग त्याच आठवड्यात शिंप्याकडे किंवा अल्टरेशनवाल्याकडे जायला हवा. चेन, बटण, निसटलेली दुमड एवढंच असतं. शाळा उघडेपर्यंत गेला नाही तर तो दुरुस्त होणार नाही असं समजून मोकळं व्हावं.

बसतात, पण मूल घालत नाही, अशा कपड्यांकडे जरा प्रेमाने बघा. आत हात घालून मानेमागचं लेबल, काखेतली शिवण, नेटचं अस्तर, जरीची कड चाचपा. सणाच्या कपड्यांत हे फार असतं. मूल ‘टोचतं’ म्हणतं आणि आपण त्याला हट्ट समजतो. लेबल शिवणीजवळून उसवून काढा, आतून मऊ सुती पट्टी लावून घ्या, आणि तरी नको म्हणाला तर कपडा देऊन टाका. जवळजवळ प्रत्येक कपडा, प्रत्येक शिवण, मोज्यांची टोकंसुद्धा मुलाला असह्य होत असतील आणि रोज सकाळी त्यावरून रडारड होत असेल, तर तो कपाटाचा प्रश्न नाही. बालरोगतज्ज्ञांशी बोला.

लहान झालेले कपडे घराबाहेर कसे पडतात, यावर सगळं अवलंबून आहे. धाकटं भावंड किंवा चुलत-मावस भावंडं असतील तर त्यांना, पण आधी फोन करून विचारून. बटणं लावलेले, धुतलेले, डाग नसलेले कपडेच द्यावेत. दुसऱ्याचं मूलही ते अंगावर घालणार असतं. अजून बोहारीण येत असेल तर जुन्या कपड्यांवर भांडं मिळतं, निदान कपडे दाराबाहेर जातात. विटलेले सुती कपडे गोधडीसाठी ठेवा. सुतीच, नायलॉन-पॉलिएस्टर आत भरलं तर गोधडी अंगाला चिकटते. आणि पहिलं झबलं, टोपरं, आजीने शिवलेलं दुपटं, बारशाची कुंची हे ठेवावंसं वाटतं, त्यात गैर काहीच नाही. त्यासाठी दर मुलामागे एक पिशवी करा आणि ती तुमच्या कपाटात ठेवा. त्या आठवणी आपल्या आहेत, मुलाच्या रोजच्या फळीवर त्यांचा भार नको.

चार-पाच वर्षांच्या पुढच्या मुलाला विचारल्याशिवाय त्याचा आवडता कपडा देऊ नका. बाही फाटलेला, रंग उडालेला टी-शर्टही त्याला प्रिय असतो. तो रात्री झोपताना घालायला राहू द्या. न विचारता एकदा दिला की पुढच्या वर्षी मूल आवरायला बसत नाही, आणि मग काम आपल्या एकटीवर येतं.

तिसरी तपासणी: लागतात किती?

बसणारे कपडे वेगळे झाले की ते मोजा. मी साधा हिशेब करते: किती दिवसांनी धुणं होतं, वाळायला किती दिवस लागतात, आणि वर दोन दिवसांचे जास्तीचे. रोज धुणं असेल तर उन्हाळ्यात १ + १ + २, म्हणजे चार दिवसांचे कपडे. पावसाळ्यात वाळायलाच तीन दिवस जातात, तेव्हा १ + ३ + २, म्हणजे सहा दिवसांचे. मूल घरात दिवसाला दोन जोड घालत असेल तर घरच्या कपड्यांचे उन्हाळ्यात आठ, पावसाळ्यात बारा जोड. शी-शूचं प्रशिक्षण चालू असलेल्या मुलाच्या चड्ड्या या हिशेबात धरू नका, त्या दुप्पट लागतात. गणवेशाचे दोन जोड उन्हाळ्यात भागतात. कोकणात, मुंबई-ठाण्यात, घाटमाथ्यावर पावसाळ्यात तिसरा जोड सोय नव्हे, गरज आहे.

हा आकडा काढून समोरचा ढीग मोजला की बहुतेक घरांत दुप्पट-अडीचपट निघतो. जास्तीचे सगळे द्यायला हवेत असं नाही. पावसाळ्याचे चार जोड वरच्या फळीवर बांधून ठेवा आणि जूनमध्ये खाली काढा. मुलाच्या हातातल्या फळ्यांवर मात्र हिशेबाइतकेच.

इथेच एक गोष्ट बघा: कपडे येतात कुठून? वाढदिवस, दिवाळी, मामाकडची सुट्टी, मोठ्या भावंडाकडून आलेली पिशवी. येणाऱ्या कपड्यांना आपण नाही म्हणू शकत नाही, म्हणूही नये. पण ‘अजून मोठे होतात’ असे कपडे थेट कपाटात जाऊ देऊ नका. त्यांची एक पेटी करा, वर मोठ्या अक्षरात माप लिहा, आणि ती गणपतीच्या आधी आणि गुढीपाडव्याच्या आधी उघडा. नाहीतर ते कपडे पेटीतच लहान होतात. एखाद्या आत्याने हौसेने आणलेला फ्रॉक एकदाही न घालता लहान झाला की मला मनापासून वाईट वाटतं.

चौथी तपासणी: मुलाच्या हाताला काय येतं?

मुलाला कपाटासमोर उभं करा आणि हात वर करायला सांगा. जिथवर बोटं टेकतात, त्याच्या खालचा भाग त्याचा. रोजचे कपडे, अंतर्वस्त्रं, मोजे, गणवेश, सगळं तिथेच बसायला हवं. वरचा भाग तुमचा: सणाचे कपडे, परकर-पोलकं, कुर्ता-धोतर, स्वेटर.

आपली कपाटं मोठ्यांसाठी केलेली असतात. लाकडी वॉर्डरोब सहसा दोन फूट खोल असतो, मुलांचा टी-शर्ट घडी केल्यावर त्याच्या निम्माही होत नाही. मग आपण मागेपुढे दोन रांगा लावतो, मागची रांग मुलाला दिसत नाही, आणि ती शोधताना पुढची पडते. खोल फळीवर मागची अर्धी जागा ऋतूच्या कपड्यांच्या पिशव्यांना द्या, पुढे एकच रांग. चपलांचे रिकामे खोके त्यासाठी उत्तम. दोन ओळी उंच-सखल करायच्या भानगडीत पडू नका.

गणवेशाची जागा सगळ्यात वेगळी आणि सगळ्यात जवळची. पी.टी.चा गणवेश, पट्टा, मोजे, रुमाल एकाच खोक्यात, आदल्या रात्री काढून. वाचता न येणाऱ्या मुलासाठी खोक्यावर चित्र चिकटवा. मोज्याचं चित्र मुलानेच काढलं तर आणखी बरं. दोन मुलांची एकच खोली असेल तर फळी वरची-खालची वाटू नका, उभा भाग वाटा. वरची फळी मिळालेल्या धाकट्याला कायम कुणीतरी काढून द्यावं लागतं.

घडीबद्दल थोडक्यात. कपडे एकावर एक रचले तर सहा-सातांच्या वर चळत नेऊ नका. ड्रॉवरमध्ये ते पुस्तकांसारखे उभे लावले तर सगळे एका नजरेत दिसतात आणि मधला काढला तरी बाकीचे पडत नाहीत. हे जमलं तर छान. नाही जमलं तरी वरच्या तपासण्या झाल्या असतील तर कपाट टिकतं, आणि अंतर्वस्त्रं-मोज्यांना घडीची गरजच नाही.

पाचवी तपासणी: कपडे पुरते वाळलेत का?

कुबट वास येत असेल तर भिंतीला दोष द्यायच्या आधी कपडे तपासा, कारण ते फुकट आहे. पावसाळ्यात घरात दोरीवर वाळलेला कपडा हाताला कोरडा लागतो, पण इलॅस्टिकची कंबर, खिशाचा आतला भाग, जीन्सची दुमड आणि हुडची शिवण ओली राहते. तिथेच गालाला लावून बघा. बोटांपेक्षा गालाला गारवा पटकन कळतो. शंका असेल तर इस्त्री फिरवा आणि कपडा पूर्ण गार झाल्यावरच आत ठेवा. गरम कपडा बंद कपाटात ठेवला तर त्यातली वाफ तिथेच कोंडते.

स्वेटर आणि सणाचे कपडे धुतल्याशिवाय वर टाकू नका. घामाचे आणि खाण्याचे न दिसणारे डाग काही महिन्यांत पिवळे पडतात आणि किडीला तेच लागतं. खळ घातलेले कपडेही फार दिवस ठेवू नयेत, कसरीला खळ आवडते.

डांबर गोळ्यांबद्दल मी स्पष्टच सांगते: लहान मुलांच्या कपड्यांत त्या घालू नका. त्यांतल्या नॅफ्थलीनची वाफ कपड्यांत मुरते. जी६पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांत अशा कपड्यांमुळे तांबड्या पेशी फुटून जिवावर बेतू शकतं, आणि ही कमतरता आहे हे अनेक घरांत माहीतच नसतं. शिवाय रंगीत गोळी मुलाला खाऊ वाटते. कापूरही मुलाच्या हाताला लागेल असा ठेवू नका. थोडा जरी पोटात गेला तरी झटके येऊ शकतात. ओल शोषणाऱ्या डब्या ठेवायच्या तर सगळ्यात वरच्या फळीवर, मुलाला पोचणार नाहीत अशा. वाळलेला कडुनिंबाचा पाला मलमलीच्या पुरचुंडीत ठेवता येतो, पण तो कीड अडवायला थोडीफार मदत करतो, लागलेली कीड काढत नाही. मुलाने गोळी किंवा कापूर गिळल्याचा संशय आला तर घरगुती उपाय न करता, उलटी न करवता, थेट दवाखान्यात न्या आणि वेष्टन सोबत घ्या.

सहावी तपासणी: ओल भिंतीतून येते की हवेतून?

हवेतली आर्द्रता सलग काही दिवस ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरायला लागते. जुलै-ऑगस्टमध्ये किनारपट्टीला ती याहून खूप वर असते. म्हणून थोडा वास सगळ्यांकडेच येतो. प्रश्न एवढाच, की तुमची ओल हवेतली आहे की भिंतीतली.

कपाट दोन-तीन इंच पुढे ओढा (रिकामं करून, दोघांनी मिळून). मागच्या भिंतीवर वीतभर ॲल्युमिनियम फॉइल चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. फॉइलच्या बाहेरच्या बाजूला दव जमलं तर ओल खोलीतल्या हवेची. फॉइल काढल्यावर आतली बाजू आणि भिंत ओली निघाली तर पाणी भिंतीतून येतंय.

हवेची ओल असेल तर कपाट भिंतीपासून तसंच तीन इंच दूर ठेवा, पायांखाली ठोकळे घ्या, पाऊस नसताना दिवसातून एकदा दारं उघडून समोर पंखा लावा. आतल्या सनमायकावरची बुरशी साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा, कोरडी झटकू नका. झटकली की बीजाणू खोलीभर होतात. पुसताना मूल खोलीत नको, तुमच्या नाकाला मास्क हवा. ब्लीच आणि व्हिनेगर, किंवा ब्लीच आणि बाथरूमचं ॲसिड, कधीही एकत्र करू नका. विषारी वायू तयार होतो.

भिंतीची ओल असेल तर पुसणं, रंग लावणं, वॉलपेपर, सगळं व्यर्थ. पलीकडे बाथरूम आहे का, वर कुणाची मोरी आहे का, ती बाहेरची भिंत आहे का, एवढं बघा आणि थांबा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

भिंत ओली निघाली तर प्लंबर किंवा वॉटरप्रूफिंगवाला. सोसायटीत राहत असाल तर आधी कमिटीला लेखी अर्ज द्या. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, बाहेरची भिंत आणि सामायिक नळ यांतून होणारी गळती दुरुस्त करणं संस्थेचं काम आहे. घरातल्या संडास-मोरीची गळती त्या सभासदाचं. फॉइलचे आणि डागांचे फोटो अर्जाला जोडा. पाऊस संपेपर्यंत भिंतीला हात लावता येत नसेल तर निदान मुलाचं कपाट दुसऱ्या भिंतीला हलवा.

बुरशी तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा जास्त पसरली असेल, प्लास्टर पोकळ वाजत असेल किंवा ओल स्विचबोर्डापर्यंत आली असेल तर स्वतः काहीच करू नका. स्विचबोर्ड ओला असेल तर त्या खोलीचा पुरवठा बंद करून इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी बोलवा. मूल रात्री खोकतं, छातीत घरघरतं आणि दुसऱ्या घरी झोपलं की बरं असतं, तर भिंतीच्या दुरुस्तीची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा आणि तोवर त्याला त्या खोलीत झोपवू नका.

मातीची बारीक नळी भिंतीवरून कपाटाकडे आली असेल, प्लाय ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, पहिल्या पावसानंतर खिडकीशी गळलेले पंख सापडले असतील, तर वाळवी आहे. नुसती नळी झाडून रॉकेल लावलं तर ती आठ दिवसांनी दुसरीकडून येते, कारण वसाहत भिंतीत किंवा जमिनीत असते. परवानाधारक पेस्ट कंट्रोल लागतो. औषध कुठलं, मुलांना किती तास खोलीबाहेर ठेवायचं, कपडे कधी आत ठेवायचे, हे काम सुरू व्हायच्या आधी विचारून लिहून घ्या. फळीवर नुसता मैद्यासारखा भुसा आणि लाकडाला टाचणीएवढी भोकं असतील तर लाकूड पोखरणारा किडा आहे. सुताराला दाखवून ती फळी बदलायची की औषधाने भागेल ते ठरवा.

आणि शेवटची गोष्ट, जी विस्कटण्याशी संबंधित नाही पण कपाट ओढलेलं असताना बघितलीच पाहिजे. उघडे ड्रॉवर मुलाला जिन्यासारखे वाटतात. तो दुसऱ्या ड्रॉवरवर चढला की कपाट पुढे येतं. रिकामं कपाट वरच्या कडेला धरून हलक्या हाताने पुढे ओढून बघा. डुगडुगलं तर त्याचे पाय पाचरीने समतल करा. आणि डुगडुगलं नाही तरी, घरात सात-आठ वर्षांच्या आतलं मूल असेल तर कपाट वरून भिंतीला पट्टीने जखडून घ्या. विटेची भिंत, सिमेंटचे ब्लॉक आणि जिप्समची पार्टिशन यांना वेगवेगळे प्लग लागतात, म्हणून हे काम सुताराकडूनच. भिंतीची ओल निघाली असेल तर आधी ती दुरुस्त, मग आठवड्याने फॉइलची तपासणी परत, ती कोरडी निघाली की पट्टी, आणि त्यानंतर कपडे: खालच्या फळ्यांवर रोजचे, गणवेशाचा खोका सगळ्यात जवळ, जड गाद्या-चादरी तळाला.